वस्ती चांगली आहे, हो!

मराठी माणूस घर घ्यायला निघाला की त्याला दोन गोष्टी फुकट मिळतात. एक म्हणजे बिल्डरच्या ऑफिसातलं कोल्ड्रिंक आणि दुसरी म्हणजे नातेवाइकांचा सल्ला. कोल्ड्रिंक निदान गार तरी असतं. सल्ला मात्र गेल्या पन्नास वर्षांपासून त्याच पातेल्यात उकळतो आहे. "हे बघ, खोली एखादी कमी असली तरी चालेल, पण वस्ती चांगली बघ. थोडे पैसे वाढव, पण वस्ती चांगली बघ!" हे सांगणारे मामा स्वतः पागडीच्या दोन खोल्यांत जन्मभर राहिलेले असतात आणि त्यांचं महिन्याचं भाडं आपल्या रोजच्या रिक्षापेक्षा कमी असतं. "थोडे पैसे वाढव" हे तीन शब्द जगात नेहमी तोच उच्चारतो, ज्याला ते वाढवायचे नसतात.

माझं स्पष्ट मत असं आहे, की या "चांगली वस्ती" नावाच्या दोन शब्दांनी आपल्या मध्यमवर्गाला जेवढं नागवलं तेवढं कुठल्या चोर-दरोडेखोरानं नागवलं नसेल. चोर एकदा येतो. चांगली वस्ती २० वर्षं, दर महिन्याच्या ५ तारखेला येते.

हे बोलायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारील. अधिकार मोठा नाही. मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसणारा कारकून आहे. लोक मला साहेब म्हणतात, कारण खऱ्या साहेबांच्या केबिनचं दार बंद असतं. शिक्षण बी. कॉम. त्यामुळे विद्वत्तेचा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नाही. पण चक्रवाढ व्याज तेवढं समजतं, आणि घर घेताना काव्यशास्त्रविनोदापेक्षा चक्रवाढ व्याजच जास्त उपयोगी पडतं. समोर नवरा-बायको बसलेले असतात. पगार बघतो, कर्जाचा आकडा बघतो, आणि दोन्हींची पत्रिका जुळत नाही हे दिसतं. मी हळूच विचारतो, "आकडा जरा मोठा होत नाही का?" त्यावर नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे बघते, आणि दोघं एका सुरात सांगतात, "पण वस्ती चांगली आहे, हो!"

म्हणजे काय, हे मात्र कुणी सांगत नाही. आपल्या देशात घराच्या क्षेत्रफळाचासुद्धा एके काळी असाच गोंधळ होता. बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप अशी एकावर एक थरांची पुरणपोळी होती आणि आतलं पुरण म्हणजे खरी जागा चमचाभर निघायची. शेवटी २०१६ साली रेराचा कायदा आला, २०१७ सालच्या १ मेपासून आपल्याकडे महारेरा सुरू झाली, आणि कार्पेट म्हणजे काय ते कायद्यानं ठरवून दिलं. "चांगली वस्ती" मात्र अजून सुपर बिल्ट-अपमध्येच मोजली जाते. तिच्यात जिना, गच्ची, गेटवरचा सिंह, शेजाऱ्याची गाडी आणि बायकोच्या मावसबहिणीचं मत हे सगळं धरलेलं असतं.

मी पंधरा-सोळा वर्षं लोकांची उत्तरं ऐकतो आहे. त्यातून माझ्या ध्यानात आलं ते असं, की चांगली वस्ती म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि त्यांतली एकही राहण्याच्या कामाची नसते.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. आपण घर विकत घेत नाही, पत्ता विकत घेतो. बिल्डर लोकांना हे आपल्या आधी कळलं. म्हणून लोअर परळचं अप्पर वरळी झालं. एक लोअर खोडून अप्पर लिहिलं की चौरस फुटामागे भाव चढतो. व्याकरणाला एवढी किंमत शाळेतसुद्धा कधी आली नव्हती. ठाण्याच्या हद्दीपासून खाडी ओलांडून कितीही लांब जा, जाहिरातीत ठाणं तुमच्या मागोमाग येतंच. मी म्हणतो, ठाण्याला एवढं ताणू नका. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली ती ३४ किलोमीटरवर ठाण्याला थांबली होती. आता बिल्डरचं ठाणं थांबायचं नावच घेत नाही.

नावाच्या खालोखाल पिनकोड. १९७२ साली टपालखात्यानं हे सहा आकडे काढले ते बिचाऱ्या पोस्टमनच्या सोयीसाठी. आपण त्यांतून जातिव्यवस्था काढली. ४०० नं सुरू होणारे ते कुलीन. मुंबई ४००, ठाणं ४००, नवी मुंबईसुद्धा ४००. मीरा रोड आणि वसई ४०१, म्हणजे चुलत घराणं. आणि डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर हे ४२१. लग्न जमवताना ४२१ म्हटलं, की पलीकडून फोनवर जी शांतता पसरते ती मी कानांनी ऐकलेली आहे. "मुलगा चांगला आहे, पण जरा लांबच पडतं, नाही?" अहो, मुलगी काय रोज टपालानं माहेरी जाणार आहे?

मग पूर्व-पश्चिम. प्रत्येक स्टेशनाला दोन बाजू असतात, आणि त्यांतली एक चांगली आणि दुसरी "तशी बरी" असते. पण गंमत अशी, की ही दिशा दर स्टेशनाला बदलते. बोरिवलीला पश्चिम भारी. मुलुंडलाही पश्चिमच भारी, पण मराठी माणूस पूर्वेला. पार्ल्याला आपल्या मंडळींचा जीव पूर्वेत, तर डोंबिवलीला पूर्वेचा माणूस पश्चिमेच्या माणसाकडे पुलावरूनच बघतो. दादरला तर दोन्हीकडे भाव चढलेले, त्यामुळे तिथं दिशेचा प्रश्न आपल्याला पडतच नाही. सूर्य मात्र सगळीकडे एकाच बाजूला उगवतो. त्याला स्टेट्‌सची काही कल्पना नसावी.

आता या नावाची किंमत बघू. माझ्या टेबलावर एक साधा हिशेब आहे, आणि तो मी प्रत्येकाला कागदावर लिहून देतो. ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर १ लाखाला महिन्याचा हप्ता ९०० रुपये पडतो. म्हणजे मामांच्या शब्दाखातर तुम्ही १० लाख "वाढवले" की महिन्याला ९,००० रुपये गेले. २० वर्षांत २१ लाख ६० हजार झाले. "थोडे पैसे" हे असे दुपटीनं बाळसं धरतात. हे पैसे आभाळातून येत नाहीत. ते दुधातून, सहलीतून, आईच्या मोतीबिंदूतून आणि मुलाच्या क्लासमधून येतात. घराचा हॉल मोठा दिसावा म्हणून माणसं ताट लहान करतात.

"पण जवळ राहिलं की वेळ वाचतो ना?" वाचतो की! त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट मी म्हणतो, पैसे वाढवायचेच तर मिनिटांसाठी वाढवा, नावासाठी वाढवू नका. रोजचे ३ तास प्रवासात गेले आणि वर्षातले २८० दिवस कामाला गेलात, तर वर्षाचे ८४० तास होतात. म्हणजे दिवसरात्र धरून पुरते ३५ दिवस. कर्ज फिटेपर्यंत ७०० दिवस, जवळजवळ दोन वर्षं, माणूस दुसऱ्याच्या काखेत तोंड घालून उभा असतो. खुनाच्या खटल्यात कच्च्या कैदेत ठेवलेल्यालासुद्धा निदान बसायला जागा मिळते.

पण मिनिटं मोजायची ती नकाशावर मोजायची नसतात. डोंबिवली सीएसटीपासून ४८ किलोमीटर आणि ठाणं ३४, म्हणून ठाणं जवळ, असं शाळेतलं गणित सांगतं. आता घोडबंदर रोडला तिसऱ्या-चौथ्या नाक्याच्या आत घर घ्या. सकाळी आठ वाजता खाली उतरा, रिक्षा शोधा, उड्डाणपुलाखालच्या गर्दीत उभे राहा, स्टेशन गाठा. ४० मिनिटं धरा. पुढं फास्ट गाडीची ५० मिनिटं धरा. झाला दीड तास. इकडे डोंबिवलीला स्टेशनपासून दहा मिनिटं चालत असलेल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला माणूस १० अधिक ७० अशा ८० मिनिटांत पोचतो. तो जवळ राहतो, आणि पत्ता तुमचा चांगला! शिवाय दहा मिनिटं चालल्यानं त्याचं पोट आत राहतं, आणि तुमच्या संकुलातली व्यायामशाळा तुमच्या मेंटेनन्समध्ये घाम गाळत असते.

जाहिरातीतल्या "स्टेशनपासून पाच मिनिटं" याबद्दल मी काही बोलत नाही. ती पाच मिनिटं खरीच असतात. फक्त ती पहाटे साडेतीनची, मोटारसायकलवरची आणि उताराची असतात.

खरं तर घर घेण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी चारच आहेत. पाणी कुठून येतं, पाणी कुठं जातं, कागद कुठं आहेत, आणि शेजारी काय शिजतं. शेजारी म्हणजे स्वयंपाकघरातलं नव्हे, कारखान्यातलं. यांतला एकही प्रश्न आमच्या टेबलावर येणाऱ्या दहांतल्या आठ जोडप्यांनी विचारलेला नसतो. स्विमिंग पूल किती फूट आहे ते मात्र तोंडपाठ असतं. आता ज्या संकुलात प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं पोहायच्या पाण्याची चौकशी करणं म्हणजे उपवासाच्या दिवशी मेन्यूकार्ड मागवण्यासारखं आहे. घोडबंदर रोडच्या कित्येक टोलेजंग इमारतींत टँकरचा भोंगा हाच भूपाळीचा सूर आहे. आणि धरण जवळ असलं म्हणजे पाणी मिळतं असंही समजू नका. बारवी धरण बदलापूरच्या अंगणात आहे, पण ते पाणी मीरा-भाईंदरपर्यंत पोचतं. नळाला भूगोल कळत नाही, वाटणी कळते.

पाणी जातं कुठं, हा प्रश्न तर आपण दर वर्षी जूनमध्ये विचारतो आणि ऑक्टोबरमध्ये विसरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा पाण्यानं चांगली वस्ती आणि वाईट वस्ती असा भेद केला नाही. बंगल्यातले आणि झोपडीतले एकाच पाण्यात कमरेएवढे उभे होते. असली समता घटना लिहिणाऱ्यांनासुद्धा साधलेली नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली आणि हजाराच्यावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. त्याच उल्हास नदीच्या काठाला आता जाहिरातीत "रिव्हर व्ह्यू" म्हणतात. व्ह्यू आहे, यात शंका नाही. फक्त तो कधी कधी आत येतो.

आणि शेजारच्या कारखान्यांचं म्हणाल, तर डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ साली स्फोट झाला आणि २०२४ साली पुन्हा झाला. माणसं गेली. त्या भागात ज्यांनी "बंगलेवाली शांत वस्ती" म्हणून चढ्या भावानं घरं घेतली, त्यांच्याही काचा फुटल्याच. माझं लाडकं डोंबिवली म्हणून मी हे झाकणार नाही. कारखाना कुठं आणि घर कुठं, हे आधी बघायचं असतं.

कागदाचं तर विचारूच नका. लोकांना वाटतं, बेकायदा बांधकाम म्हणजे नालासोपारा. ते काही खोटं नाही. नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या गेल्या आणि माणसं भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आली. कल्याण-डोंबिवलीत खोट्या कागदांवर रेराचा नंबर मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या आणि २०२४ साली उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. पण वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड आठवतं का? पत्ता बघा, वरळी! याहून चांगली वस्ती ती कुठली? पण मंजुरी पाच मजल्यांची आणि इमारती त्याच्या कितीतरी वर. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं वरचे मजले बेकायदा ठरवले आणि लक्षाधीश मंडळी गेटवर आडवी उभी राहिली. तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला आपण ओसी म्हणतो, ते बघा. मंजूर नकाशा बघा, जमिनीचा सर्च रिपोर्ट बघा. बँक बघतेच, पण बँक आपल्या पैशासाठी बघते. तुम्ही आपल्या झोपेसाठी बघा.

"चांगली वस्ती" म्हणजे दुसरी गोष्ट असते भाववाढ. "आज महाग वाटेल, पण दहा वर्षांत तिप्पट होईल!" असेल बुवा. पण राहतं घर तिप्पट झालं म्हणून तुमच्या भाजीच्या पिशवीत काय पडतं? ते विकाल तेव्हा दुसरं घ्यावं लागेल, आणि तेही तिप्पटच झालेलं असेल. एका शिडीवर सगळेच एक पायरी चढले तर पुढच्याचा पाय आपल्या डोक्यावरच राहणार. आपला मध्यमवर्ग कागदावर कोट्यधीश आहे आणि महिनाअखेरीला शेजारणीकडे वाटीभर साखर मागतो, याचं कारण हेच.

आता तिसरी गोष्ट, आणि खरी मेख इथंच आहे. वरच्या दोन्ही लोक उघडपणे सांगतात. तिसरी सांगत नाहीत, आवाज खाली करतात. टेबलावर जरा पुढं झुकून म्हणतात, "म्हणजे कसं, सगळी आपली माणसं आहेत."

या एका वाक्यावर मला फार दिवसांपासून बोलायचं होतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना केवळ मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली. महाराष्ट्रभर गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ज्या मुंबईसाठी १०६ माणसं हुतात्मा झाली त्या मुंबईत हे ऐकून घ्यायचं? इथं मासे चालणार नाहीत, मटण चालणार नाही, अंड्याचं टरफल कचऱ्यात दिसलं तर सेक्रेटरी नोटीस काढणार, हे सगळं आपण भोगलेलं आहे. सुरमईच्या तुकडीसाठी माणसाला घर नाकारणाऱ्याला दोन शब्द सुनावताना माझाही आवाज चढतो.

पण तोच मुलुंडच्या बातमीनं तापलेला माणूस दुसऱ्या दिवशी आमच्या बँकेत येतो. डोंबिवलीला नाहीतर बदलापूरला घर बघतो आहे. आणि काय विचारतो? "बिल्डिंगमध्ये ते लोक नाहीत ना? मागं चाळ आहे, तिथं कोण राहतं? नाक्यावर मशीद तर नाही? आडनावं कोणती आहेत हो?" आडनावं! घर घेताना भिंतीची ओल बघायची सोडून माणूस बोर्डावरची आडनावं वाचतो. जी पट्टी दुसऱ्यानं आपल्या पाठीत मारली म्हणून आपण ओरडलो, तीच पट्टी खिशातून काढून आपण खालच्याला मोजायला लागतो. वरचा आपल्याला मासे खाणारा म्हणून नको म्हणतो, आपण खालच्याला आणखी काहीतरी खाणारा म्हणून नको म्हणतो. आणि दोघंही याला एकच नाव देतात, "वस्ती चांगली आहे, हो!"

हे जुनं आहे, मला माहीत आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधारणा ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याच्या बाजूला आखीव वसाहती झाल्या, आणि त्यांची नावंच हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी अशी पडली. १९१५ साली सारस्वत मंडळींनी गावदेवीला सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. खेड्यातून आलेल्या, भाड्याच्या खोलीत घुसमटलेल्या माणसांनी ओळखीच्या चार घरांबरोबर पैसे गोळा करून छप्पर उभं केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. त्या काळी कर्ज द्यायला माझ्यासारखा कारकून नव्हता. विश्वास ठेवायला जातभाईच होता. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेचा सभासद फक्त पारशीच हवा, हा नियम २००५ साली सर्वोच्च न्यायालयातसुद्धा टिकला. पण कायद्यात बसतं ते सगळं शोभतंच असं नाही. लुंगी नेसून बँकेत येणंही कायद्यात बसतं. आणि १९१५ चा माणूस अडचणीतून जे करत होता ते आपण आज १० लाख जास्त मोजून हौसेनं करतो, हा यातला फरक आहे.

"मुलांवर संस्कार होतात हो, चांगल्या वस्तीत!" हा या बाबतीतला हुकमाचा एक्का. होतात ना. कोणते होतात ते सांगतो. सगळी घरं एकसारखी, सगळे डबे एकसारखे, सगळे सण एकसारखे. मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत त्यानं दुसऱ्या तऱ्हेच्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलेलं नसतं. मग तो नोकरीला लागतो आणि शेजारच्या खुर्चीवर भलताच माणूस बसलेला बघून गोंधळतो. उलट ज्या मुलाच्या जिन्यात एका मजल्यावर फोडणी, दुसऱ्यावर सांबार आणि तिसऱ्यावर बिर्याणी शिजते, त्याला नाकानं भूगोल कळतो. त्याला आमच्या बँकेत बदली झाली तर कुठंही टाका, तो जगतो.

आणि वस्ती चांगली होते ती कशी, हे तरी बघा. साठ-सत्तरच्या दशकांत गिरगाव, दादर, परळहून जी माणसं डोंबिवलीला गेली ती काही डोंबिवली चांगली होती म्हणून गेली नाहीत. परवडत होती म्हणून गेली. विहिरीचं पाणी होतं, रस्त्यात चिखल होता, आणि पुण्याच्या आत्या "कुठं जंगलात गेलात" म्हणत होत्या. त्या माणसांनी गाडीत पत्ते खेळता खेळता, भजनं म्हणता म्हणता शाळा काढल्या, वाचनालयं काढली, व्याख्यानमाला काढल्या. १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा निघाली, आणि आज ती महाराष्ट्रभर निघते; ज्यांची वस्ती आधीपासून चांगली होती त्यांनाही ती उचलावी लागली. २०१७ साली मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीला भरलं. बदलापूरला श्याम जोशींनी ग्रंथसखा उभं केलं, आणि मराठी पुस्तकं शोधत अभ्यासक त्या ४२१ पिनकोडाला जातात. यातलं काहीही कुठल्या बिल्डरच्या माहितीपत्रकात नव्हतं. ॲमेनिटीजमध्ये "व्याख्यानमाला" असं कुणी छापत नाही. वस्ती विकत मिळत नाही हो. मिळतात त्या चार भिंती. वस्ती आपण करायची असते.

तेव्हा घर घेणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं. रविवारी सकाळी अकराला, दलालाच्या गाडीतून, सॅम्पल फ्लॅट बघायला जाऊ नका. सॅम्पल फ्लॅटला दारं नसतात, कपाटं नसतात आणि मुख्य म्हणजे सासूबाई नसतात. त्यामुळे तो मोठाच दिसतो. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सातच्या गाडीनं जा. गर्दीतून उतरा. स्टेशनपासून चालत जा आणि घड्याळ बघा. गुडघ्याएवढं पाणी लागलं तर त्याचीही नोंद करा. वॉचमनला विचारा टँकर किती येतात. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातल्या बाईंना विचारा, रात्री साडेनऊला एकट्या घरी जाता का? त्या "जाते की" म्हणाल्या, तर ती वस्ती चांगली. त्यापुढं मला दुसरी व्याख्या माहीत नाही.

मग ओसी बघा, आणि पगाराला झेपेल एवढंच कर्ज घ्या. लाखाला ९०० हा आकडा खिशात ठेवा आणि मामा बोलायला लागले की बाहेर काढा. आडनावांचा बोर्ड वाचायचाच असेल तर एवढ्यासाठी वाचा, की त्यात आपलं नाव लागल्यावर इतरांना, "चला, बरा शेजार मिळाला," असं वाटेल का? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही बँकेच्या फॉर्मवर मागितलेलं नाही. आमच्या साहेबांना मी एकदा सुचवलं होतं, की फॉर्मवर हा रकाना वाढवावा. ते म्हणाले, "वाढवला तर निम्मी कर्जं नामंजूर होतील. टार्गेटचं काय करायचं?"